विमान उतरण्याआधी घर तयार हवं

(वाचक विचारतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात निर्वासितांचं पुनर्वसन करणाऱ्या एका संस्थेच्या स्थानिक कार्यालयाच्या प्रमुख या वेळी उत्तरं देत आहेत. त्या मूळच्या नाशिकच्या.)

ताई, नमस्कार. मुंबईत समाजकार्य शिकले आणि लग्नानंतर इकडे आले. बरीच वर्षं एका रुग्णालयात समाजसेविका होते. आता निर्वासितांसाठी काम करणाऱ्या छोट्या कार्यालयाचं प्रमुखपद मला देऊ केलंय. या क्षेत्राचा अनुभव नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

भाड्याच्या घरांपासून करा. एवढं सोसून आलेल्या माणसांच्या कामाची सुरुवात घरमालकांच्या भेटीगाठींनी कशी, असं तुम्हाला वाटेल. पण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो, आणि तो तसा जायलाच हवा असं माझं मत आहे.

कामाची साखळी आधी समजून घ्या. ही व्यवस्था 1980 च्या निर्वासित कायद्यावर उभी आहे. 2025 मध्ये ती बहुतेक थांबली, त्याबद्दल पुढे लिहिलंय; एरवी ती चालते अशी. राष्ट्रीय पातळीवरच्या मोजक्या संस्था आलेली कुटुंबं आपापसांत वाटून घेतात आणि स्थानिक कार्यालयांना विचारतात: पाच जणांचं कुटुंब आहे, एक मूल व्हीलचेअरवर आहे, घ्याल का? तुम्ही हो म्हणालात की ते कुटुंब तुमचं. विमानाची तारीख कळते तेव्हा हातात थोडेच दिवस उरलेले असतात. तेवढ्यात तळमजल्यावरचं, बसच्या रस्त्यालगतचं, दारात पायऱ्या नसलेलं घर मिळवायचं. घरमालक विचारतो, क्रेडिट स्कोअर किती? पगाराची स्लिप आहे? आधीच्या घरमालकाचं पत्र? आमच्या माणसाचा आधीचा पत्ता असतो नेपाळच्या झापा जिल्ह्यातली बेलडांगी छावणी, नाहीतर केनियातलं काकुमा. तिथून कसलं पत्र येणार? तुमच्या कार्यालयाच्या शब्दावर घर मिळतं, नाहीतर मिळत नाही.

म्हणून गरज पडण्याआधीच घरमालकांना भेटा. नळ गळला, भाडं दोन दिवस लांबलं, धुराचा अलार्म फोडणीने वाजला, तर फोन कुणाला करायचा हे त्यांना माहीत असू द्या. पहिल्या वर्षी तो नंबर तुमचाच असावा. फोन उचलला गेला की पुढचं घर मिळतं.

पहिल्या नव्वद दिवसांत काय काय झालं पाहिजे हे करारातच लिहिलेलं असतं. विमानतळावर स्वागत, घरात पलंग आणि भांडीकुंडी, हवामानाला साजेसे कपडे, पोचल्या पोचल्या त्यांच्या सवयीचं तयार जेवण. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारपूस. महिन्याभरात मुलांची शाळा आणि सगळ्यांची आरोग्य तपासणी. मग सोशल सिक्युरिटी कार्ड, इंग्रजीचा वर्ग, नोकरीसाठी नावनोंदणी. 18 ते 25 वयाच्या पुरुषांचं नाव सैन्याच्या यादीत नोंदवावं लागतं. युद्धातून मुलाला वाचवून आणलेल्या आईसमोर तो फॉर्म ठेवताना काळजी घ्या. सक्तीची भरती 1973 पासून बंद आहे हे दुभाष्याकरवी आधी नीट सांगा, फॉर्म नंतर काढा.

त्या जेवणाच्या नियमाबद्दल मला फार आपुलकी आहे. भूतानी कुटुंबासाठी डाळ, भात, बटाट्याची भाजी आणि टोमॅटोचं अचार. कांगोच्या कुटुंबासाठी फुफू आणि मासे. अफगाण असतील तर हलाल मटणाचा पुलाव. हे जेवण त्याच समाजातल्या, आधी येऊन स्थिरावलेल्या बाईकडून करून घ्या, आणि तिला त्याचे पैसे द्या. ती ताट वाढता वाढता ओव्हन कसा लावायचा, किराणा कुठे मिळतो, कुठल्या डॉक्टरकडे आपली भाषा बोलतात, हे सगळं सांगते. आम्ही छापलेल्या माहितीपत्रकापेक्षा तिचं बोलणं जास्त लक्षात राहतं.

आणखी एक. विमानतळावर प्रत्येक कुटुंबाच्या हातात आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची प्लास्टिकची पिशवी असते. त्यांचे सगळे कागद तिच्यात असतात आणि ती त्यांनी प्रवासभर छातीशी धरलेली असते. पहिल्याच भेटीत ती मागून घेऊ नका. आधी जेवू द्या, झोपू द्या. झेरॉक्स दुसऱ्या दिवशी काढता येते.

सरकार प्रत्येक निर्वासितामागे संस्थेला पैसे देतं असं वाचलं. मग देणग्या कशासाठी?
— एक वाचक, ठाणे

रास्त प्रश्न आहे. 2010 पूर्वी ही रक्कम माणशी 900 डॉलर होती, ती त्या वर्षी 1,800 झाली. 2021 च्या सुमाराला 2,275 होती. यातले 1,225 त्या माणसाच्या गरजांसाठी, आणि उरलेल्या 1,050 मध्ये कार्यालयाचे पगार, दुभाषे, गाडी, जागा.

पाच जणांच्या कुटुंबाचे 6,125 डॉलर होतात. डिपॉझिट, भाडं, पलंग, थंडीचे कोट, सगळं काटकसरीने बसवता येतं. एकट्या तरुणाचे 1,225 मात्र डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं दिलं की संपले. नव्या प्रमुखाला मोठ्या कुटुंबाची धास्ती वाटते, एकटा माणूस सोपा वाटतो. हिशेब मांडला की उलटं दिसतं. मी देणगीचे पैसे सर्वात आधी एकट्या माणसांच्या दुसऱ्या महिन्याच्या भाड्यासाठी बाजूला काढते.

त्यांचं विमानाचं तिकीटही फुकट नसतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ते बिनव्याजी कर्ज असतं आणि आल्यानंतर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. गोदामात खोकी उचलण्याची पहिली नोकरी करणारा बाप भाड्याबरोबर सगळ्या कुटुंबाच्या तिकिटांचे हप्तेही फेडत असतो.

आमच्या कार्यालयातले बरेच केस मॅनेजर (एकेका कुटुंबाची कामं बघणारे कर्मचारी) स्वतः निर्वासित म्हणून आलेले आहेत. त्यांना रात्री-अपरात्री फोन येतात, ते नाही म्हणू शकत नाहीत. मी त्यांची वरिष्ठ आहे. काय करू?
— एक वाचक, टोरांटो

तुमच्या सहकाऱ्याला रात्री फोन करणारा माणूस त्याचा अशील तर आहेच, शिवाय मामेभाऊ, छावणीतला शेजारी किंवा देवळातला ओळखीचा आहे. इथे कोलंबसमध्ये नेपाळी बोलणाऱ्या भूतानी लोकांची मोठी वस्ती आहे. 1990 च्या सुमारास दक्षिण भूतानमधून एक लाखाच्या आसपास लोकांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळातल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत त्यांची जवळजवळ दोन दशकं गेली. 2007-08 पासून एक लाखाहून जास्त माणसं आठ देशांत गेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेत आली. छावणीत एकमेकांचं पाणी भरलेल्या माणसांना ‘कार्यालयाची वेळ संपली’ असं सांगता येत नाही, आणि तसं सांगावं अशी अपेक्षाही मी ठेवत नाही.

तुम्ही तीन गोष्टी करू शकता. रात्रीच्या फोनसाठी आळीपाळी लावा आणि त्या तासांचा मोबदला द्या. एकाच कुटुंबाचं सगळं ओझं त्यांच्याच नात्यातल्या माणसावर टाकू नका, पैशांचे निर्णय तर मुळीच नाही. आणि दुभाष्यांसाठी बजेटमध्ये पैसे ठेवा, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला आईच्या आजाराबद्दल डॉक्टरशी बोलायची वेळ येणार नाही. रुग्णालयाने दुभाष्या दिला नाही तर तुम्ही स्वतः फोन करा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयावर भाषेची सोय करण्याचं बंधन आहे. हे भांडण केस मॅनेजरवर सोडू नका, ते तुमच्या खुर्चीचं काम आहे.

आणि त्या माणसांच्या मनाकडे लक्ष असू द्या. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने 2012 साली भूतानी निर्वासितांमधल्या आत्महत्यांचा अभ्यास केला, तेव्हा प्रमाण लाखामागे 20 च्या वर निघालं. देशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा ते बरंच जास्त होतं. अशी बातमी आली की तुमच्या सहकाऱ्यासाठी ती घरातली बातमी असते. त्या दिवशी त्याच्याकडून अहवाल मागू नका. त्याच्याबरोबर त्या घरी जा.

2025 मध्ये सगळंच थांबलं. अशा वेळी प्रमुखाने काय करायचं असतं? मी एका कार्यालयाच्या सल्लागार मंडळावर आहे आणि आमची संचालिका खचली आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

तिला माझा नमस्कार सांगा. त्या जानेवारीत काय झालं ते मी विसरणार नाही. 20 तारखेला निर्वासितांना अमेरिकेत आणण्याचा कार्यक्रम स्थगित करण्याचा आदेश निघाला. तपासण्या पूर्ण झालेल्या, तिकिटं हातात असलेल्या लोकांची विमानं रद्द झाली. 24 तारखेला आधीच पोचलेल्या कुटुंबांचं कामही थांबवायचा आदेश आला. आदल्या वर्षी एक लाखावर निर्वासित आले होते, म्हणजे ज्यांचे नव्वद दिवस चालू होते अशी खूप कुटुंबं देशभर होती. पुढे 2026 च्या आर्थिक वर्षासाठी 7,500 ची मर्यादा ठरली, 1980 पासूनची सगळ्यात कमी.

पैसा माणसामागे येतो, त्यामुळे माणसं यायची थांबली की पगारही थांबतात. हे नवं नाही. 2018 पासूनच्या कमी आवकीच्या वर्षांतही देशभरात कार्यालयं बंद पडली होती. आणि 2021 नंतर आवक वाढली तेव्हा अनुभवी माणसं परत मिळवता मिळवता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी वाचवायची ती माणसं आणि घरमालकांची ओळख. जागा लहान घ्या, गाडी विका, चालेल.

संचालिकेने सहकाऱ्यांना खरी परिस्थिती त्याच दिवशी सांगावी, किती आठवड्यांचे पैसे आहेत तो आकडा धरून. घरी असलेल्या कुटुंबांचं भाडं आधी, बाकी सगळं नंतर. मंडळाने या काळात तिला पत्रकं आणि ठराव लिहायला लावण्यापेक्षा देणगीदारांना स्वतः फोन करावेत. आणि नव्या आवकीवर अवलंबून नसलेली कामं वाढवा. निर्वासिताला वर्षभराने ग्रीन कार्डासाठी अर्ज करावा लागतो, पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी करता येतो. न्याय खात्याची मान्यता मिळवून वकील नसलेला प्रशिक्षित कर्मचारीही हे काम करू शकतो. एका केस मॅनेजरला ते प्रशिक्षण द्या. आज त्याची गरज फार आहे. 2025 मध्ये काही भूतानी निर्वासितांना भूतानला परत पाठवण्यात आलं, आणि ज्या देशाने त्यांना घालवलं होतं त्याने पुन्हा भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं. तेव्हापासून म्हातारी माणसं कागद घेऊन आमच्या दारात बसतात. नागरिकत्व मिळालेल्यांच्या मनातही धाकधूक असते. त्यांच्याशी शांतपणे बोलायला, प्रत्येकाचा कागद नीट वाचायला माणूस हवा.

भारतात असं काम करता येईल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

येईल, पण चौकट वेगळी आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची व्यवस्था सरकार बघतं. म्यानमार, अफगाणिस्तान अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीतून करते आणि तिच्याबरोबर स्थानिक संस्था काम करतात. तिथे अर्ज करून पाहा. सुट्टीत गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत बघून या. तुमच्या कोल्हापुरात तर वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती. छावणी चालवायला काय काय लागलं, शाळा, दवाखाना, रेशन, याची माहिती जमवा. मुलाखतीत कामाला येईल.

आमच्या महाराष्ट्र मंडळाला मदत करायची आहे. कपडे गोळा करू का?
— एक वाचक, शिकागो

जुने कपडे आमच्याकडे पुरेसे येतात. त्यापेक्षा नव्या गाद्या द्या. ढेकणांच्या भीतीने वापरलेल्या गाद्या आम्ही घेत नाही. मुलांच्या कारसीट द्या, मुदत न संपलेल्या. प्रेशर कुकर द्या, भूतानी आणि अफगाण घरांत तो रोज लागतो आणि दान म्हणून कधीच कुणी देत नाही.

मंडळातल्या निवृत्त मंडळींसाठी माझ्याकडे खास काम आहे. पुष्कळ भूतानी आजी-आजोबांना हिंदी समजतं. दिवसभर मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि बाहेरच्या पाट्या वाचता येत नाहीत. आठवड्यातून एक दुपार त्यांच्याकडे जा, दवाखान्यात सोबत करा, बसने देवळात जायला शिकवा. फोटो काढू नका. आणि जाण्याआधी तुमच्या भागातल्या कार्यालयात नाव नोंदवून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्या, तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज याच आठवड्यात करा.