तलावाला ‘डिस्टर्ब्ड’ म्हणायच्या आधी

बेटा,

तुझं प्रपोजल नीट वाचलं. विषय मस्तच आहे, तलावातल्या फुलांचं परागीभवन आणि त्यावर माणसाच्या वावराचा परिणाम, आणि आपल्या भंडारा-गोंदियात यावर काम करायला तलावांची काही कमी नाही. पण तू सगळे तलाव दोन रकान्यांत टाकलेस, डिस्टर्ब्ड आणि अनडिस्टर्ब्ड, तिथं मी अडलो. म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो.

तू निवडलेले बहुतेक मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातले. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार बघून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या, धानाला पाणी पुरवलं, ढिवरांनी, म्हणजे इथल्या मच्छीमारांनी, त्यात पिढ्यानपिढ्या मासे धरले, पुढं 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि नावात ‘माजी’ आलं. म्हणजे तलावच माणसानं केलेला. त्यात माणसाचा हात न लागलेला तलाव कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, तू आणणार कुठून? ढोरं पाण्यात उतरणं, घाटावर कपडे धुणं, मत्स्यबीज सोडणं, गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी करणं, जेसीबीनं गाळ काढणं, पूजेसाठी कमळं तोडणं, वरच्या धानाच्या बांध्यांमधून युरिया आणि फवारणीचं पाणी येणं, हे सगळं तू ‘उपद्रव’ या एकाच शब्दात बसवलंस आणि त्याला 0 ते 5 चा स्कोअर दिलास. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या महिन्यात होते, वेगळ्या झाडावर होते आणि वेगळ्या वाटेनं परागीभवनापर्यंत पोचते. स्कोअरची बेरीज केलीस की हे सगळं पुसलं जातं, मग आकडे कितीही गोळा कर, त्यातून काही कळणार नाही. माणसाचा एकच हात, म्हणजे यातली एकच गोष्ट, घे आणि तिचा परिणाम बीपर्यंत नेऊन पोचव, मला एवढंच सांगायचंय.

उदाहरण देतो. कुमुदिनी घे, पांढरी, पाकळ्यांना झालर असलेली, पाण्यावर पसरते ती निम्फॉइडिस. फूल एका दिवसाचं. हातात घेऊन भिंगाखाली बघ, काही फुलांमध्ये कुक्षी वर आणि पुंकेसर खाली दिसतील, काहींमध्ये उलटं. असे दोन प्रकार असतात आणि बी धरायला साधारणपणे एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावर पडावा लागतो, एकाच प्रकारची फुलं एकमेकांना फारशी कामाची नाहीत. आता हे झाड तुकड्यातूनही वाढतं. समजा उन्हाळ्यात गाळ काढला, जुनी झाडं सगळी गेली, आणि एका कोपऱ्यात उरलेल्या एका तुकड्यातून पावसाळ्यात परत तलावभर पसरलं. ऑगस्टमध्ये तू जाशील तर अख्खा तलाव पांढराशुभ्र, माशा-मधमाश्या फिरतायत, तुझ्या व्हिजिटच्या, म्हणजे फुलावर आलेले किडे मोजायच्या, शीटवर भरपूर खुणा. आणि फुलं सगळी एकाच प्रकारची, बी जवळपास नाहीच. तुझ्या आत्ताच्या पद्धतीत हा तलाव ‘निरोगी’ म्हणून नोंदला जाईल. म्हणून नुसती भेट मोजू नकोस, बी मोज. फुलाच्या देठाला रंगीत धागा बांध, कारण फूल मिटलं की देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं, खूण नसेल तर सापडणार नाही. काही कळ्यांवर किडा शिरू नये म्हणून बारीक जाळीची पिशवी, काही फुलांवर स्वतः ब्रशनं दुसऱ्या प्रकारचा पराग लाव, काही उघडी ठेव. हातानं पराग दिलेल्यांत बी जास्त आणि उघड्यांत कमी आलं तरच परागाची टंचाई आहे असं म्हणता येईल. व्हिजिट मोजण्यापेक्षा हे काम किचकट आहे, पाण्यात उभं राहून कंबर दुखते, पण तुझा सगळा थिसिस यावरच उभा राहणार आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. आपल्याकडे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, शेतकऱ्याला गाळ हवाच असतो आणि तलावाची साठवणही वाढायलाच पाहिजे, त्यामुळं गाळ काढण्याच्या विरोधात उभी राहू नकोस. पण गाळात बी असतं. चीनमधल्या एका जुन्या, आटलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेलं कमळाचं बी सुमारे 1300 वर्षांचं निघालं आणि ते रुजलं, 1995 मध्ये ते काम छापून आलं. आपल्या तलावातलं बी एवढं जुनं नसेलही, पण ट्रॉलीनं गाळ वावरात जातो तेव्हा ते बीसुद्धा जातं. त्यामुळं तुझ्यासाठी खरी संधी अशी आहे, की ज्या तलावाचा गाळ पुढच्या उन्हाळ्यात निघणार आहे तिथं या पावसाळ्यातच मोजणी सुरू कर, आणि तसाच दुसरा एक तलाव घे ज्याचा निघणार नाही. आधी आणि नंतर, दोन्ही ठिकाणी. ग्रामपंचायत ऐकत असेल तर एक बाजू न उकरता ठेवा म्हणून विनंती कर, तेवढ्यानं कोणाचं नुकसान होत नाही.

आता माशांबद्दल, हे मला सगळ्यात भारी वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टिफनी नाइट आणि सहकाऱ्यांनी मासे असलेली आणि नसलेली तळी तुलनेला घेतली, 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. मासे असलेल्या तळ्यात चतुराची पिल्लं माशांच्या पोटात जातात, त्यामुळं काठावर उडणारे चतुर कमी, चतुर कमी म्हणून ते ज्या माशा-मधमाश्या पकडून खातात त्या जास्त, आणि म्हणून काठावरच्या झाडाला पराग जास्त मिळाला. पाण्यातल्या माशाचा परिणाम जमिनीवरच्या फुलावर! पण हे जसंच्या तसं इथं आणू नकोस. आपल्या मोठ्या तलावात मासे असतातच, रोहू, कटला, मृगळचं बीज दरवर्षी सोडतात. तुला तुलना हवी तर उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि बारमाही पाणी असणारे तलाव अशी बघता येईल, पण कोरडं पडण्याचा स्वतःचा परिणाम वेगळा, तो माशांच्या नावावर टाकू नकोस. आणि गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, सोडला असेल तर ते आधी विचार, कारण तो पाणवनस्पतीच खाऊन टाकतो, मग फूलच नाही तर परागीभवन कसलं मोजणार.

हे सगळं तुला ढिवरांशिवाय कळणार नाही. मच्छीमार सोसायटीकडे तलावाचा ठेका असतो, त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नकोस. डोंग्यातून फिरणारा म्हातारा माणूस तुला सांगेल की अमक्या साली इकडून देवधान, म्हणजे रानटी धान, होतं, तिकडं कमळ होतं, मग बेशरमची झुडपं आली आणि काठ गेला. हे लिहून घे, तारखेसकट, जमेल तसं. आणि परतफेड म्हणून गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींच्या वहीत, तुझी यादी नीट मराठीत भरून दे, गावातल्या नावांसकट.

बेशरमचंही बघ. गुलाबी भोंग्यासारखी मोठी फुलं, वर्षातले कित्येक महिने फुललेली, मूळची अमेरिका खंडातली. काळा भुंगा तिच्यावर हमखास असतो. आता हाच भुंगा वाडीतल्या वांग्याच्या फुलात घुसून गुणगुणत पराग झाडून काढतो, साध्या मधमाशीला ते जमत नाही. मग बेशरम भुंग्याला खायला घालून वांग्याला मदत करते का त्याला तिकडंच अडकवून ठेवते? याचं उत्तर इथं बसून देता येत नाही, एका हंगामात वाडीत बसून मोजावं लागेल. काठावरच्या पाळीचाही विचार कर, कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या मातीत बीळ करतात, पाळीला दगड-सिमेंटचं पिचिंग झालं की ती जागा गेली. आणि उलटीही बाजू आहे, सिर्फिड माशांमधल्या काहींच्या अळ्या घाण, सडक्या पाण्यातच वाढतात आणि मोठ्या झाल्या की फुलांवर येतात. म्हणजे पाणी खराब झालं की परागवाहक सगळेच घटतात असं गृहीत धरू नकोस.

वेळेचं सांगायचं राहिलं. तू सकाळी 9 ते 11 असं लिहिलंस. पाणकमळांत रात्री उमलणारी जात आहे, ती 9 वाजता मिटायला लागलेली असते. पाणकमळाचं फूल पहिल्या दिवशी मादी असतं, मधल्या वाटीत द्रव असतो, आलेला किडा त्यात पडून अंगावरचा पराग धुतला जातो, कधी बुडूनही मरतो. पराग बाहेर येतो तो दुसऱ्या दिवसापासून. मोठं कमळ तर स्वतःला गरम ठेवतं. ॲडलेडच्या बागेत मोजलं तेव्हा बाहेर 10 ते 30 अंश असताना फुलाच्या आत 30 ते 36 अंश होतं, 1996 ला ते छापलं. तेव्हा संध्याकाळ, रात्र, पहाट हे सगळं धरून वेळापत्रक बनव, आणि रात्री एकटी अजिबात जायचं नाही, सोबत गावातलं कोणीतरी, अंगात लाइफ जॅकेट, पायात गमबूट. साप असतात, आणि गाळात पाय रुतला की निघत नाही.

एक छोटा प्रश्न तुझ्या मैत्रिणीला दे, ती एमएस्सीला विषय शोधतेय म्हणालीस. व्हॅलिसनेरिया, ज्याला लोक नुसतं शेवाळ म्हणतात, रिबिनीसारखी लांब पानं असलेली. तिची नर फुलं तळाशी सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि पाण्यावर तरंगत फिरतात. मादी फूल लांब दोऱ्यासारख्या देठावर पृष्ठभागापाशी येऊन थांबतं, त्याच्याभोवती पाण्याला किंचित खळगा पडतो आणि नर फुलं घसरत त्यात जातात. हा सगळा खेळ पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर चालतो आणि साबण-पावडर तोच ताण कमी करते. मग कपडे धुण्याच्या घाटाजवळ बी कमी धरतं का, आणि घाटापासून किती अंतरावर फरक संपतो? टबात करून बघता येईल, तलावातही. पण घाटावरच्या बायांना दोषी धरायच्या सुरात विचारायचं नाही. त्यांना दुसरी जागा नाही, आणि नर फुलं कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी वर येतात हे त्यांनी बघितलेलं असण्याची शक्यता जास्त आहे.

तर प्रपोजल परत लिही. स्कोअर काढून टाक, गाळ हा एकच हात ठेव, कुमुदिनी हे एकच झाड ठेव, मासे आणि बेशरम पुढच्या वर्षी. तलाव कमी चालतील, पण प्रत्येकाची गोष्ट पूर्ण माहीत पाहिजे. रोवणी आटोपली की सोसायटीच्या लोकांना वेळ असतो, तेव्हा जाऊन बस. आणि कोणत्या गावात गाळाचा ठराव ग्रामसभेत आलाय ते या आठवड्यात विचारून मला कळव, त्यावरून तलावांची जोडी ठरवू.