वॉचरूममध्येच बसवलंय? आधी लेखी ऑर्डर माग

तुझी पोस्ट दोनदा वाचली. अग्निशमन दलाच्या ट्रेनिंगला मुलांच्या बरोबरीने शिडी चढलीस, होज (पाण्याचे पाइप) ओढलेस, आणि ठाण्यावर आल्यापासून वॉचरूममध्ये फोनवर बसवलंय. साहेब म्हणतात, 'तुझ्याच सोयीसाठी आहे.' वर एक लीडिंग फायरमन येता-जाता कपड्यांवरून बोलतो. तक्रार करू की गप्प बसू, असं विचारलंयस. (अगंतुगं करतेय, वयाने लहान असशील असं धरून.) गप्प बसू नकोस. पण तक्रार एक नको, दोन कर, वेगवेगळ्या कागदांवर: एक ड्यूटीची, एक त्याच्या बोलण्याची. दोन का, तेवढंच सांगायला हे लिहितेय. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची हे तुला येत असणारच.

मीही महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे. कुठल्या ते सोड. सुरुवातीला मलाही वॉचरूम. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की पत्ता मी लिहून घ्यायचा, घंटा मी द्यायची, गाडी सुटल्याची वेळ मी टाकायची, आणि बाकीचे डांगरी चढवत खाली पळायचे. फळ्यावर रोज नावं लागत: पंपावर कोण, ब्रांचवर (होजच्या तोंडाशी) कोण, शिडीला कोण. माझ्यापुढे कायम 'वॉचरूम'. शेवटी चार ओळींचा अर्ज दिला की इतरांप्रमाणे मलाही आळीपाळीने गाडीवर ड्यूटी मिळावी. कुणाच्या वागण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

तो अर्ज आस्थापना विभागात गेला. तिथल्या टेबलाने 'अर्जदार महिला' एवढंच वाचलं असावं, कारण कागद थेट लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे रवाना. बाईचा अर्ज म्हणजे 'तसलाच' असणार! समितीची बैठक लागायलाच महिने गेले. बैठकीत सांगितलं की यात लैंगिक छळ दिसत नाही, विषय प्रशासकीय आहे, कागद परत. परत म्हणजे त्याच टेबलावर. तिथे शेरा पडला, 'समितीने निकाली काढले.' माझी मूळ मागणी कुणी वाचलीच नाही.

तोवर ठाण्यात बोभाटा झाला होता की हिने कुणावर तरी केस टाकलीय. कुणावर ते माहीत नाही, त्यामुळे सगळेच जपून. चहाला हाक मारेनात, ड्रिलला जोडीला कुणी उभं राहीना. ज्यांच्याबरोबर गाडीवर जायचं होतं तीच माणसं तुटली. आणि सब ऑफिसरच्या कोर्सला नावं पाठवायची वेळ आली तेव्हा माझ्या फाइलवर काय, तर 'प्रत्यक्ष वर्दीचा अनुभव अपुरा'. अनुभव मिळू न देणारेही हेच आणि अपुरा म्हणणारेही हेच. ते टेबल सांभाळणारे गृहस्थ आता सुखाने पेन्शन घेतायत, असो.

म्हणून ड्यूटीचा अर्ज मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे, विषयाच्या ओळीतच 'कर्तव्य वाटपाबाबत'. त्यात त्या लीडिंग फायरमनचं नावही येऊ देऊ नकोस. आणि एकच गोष्ट माग: मला कायम वॉचरूमला नेमल्याची लेखी ऑर्डर. बहुतेक ठिकाणी ती नसतेच, सगळं तोंडी चालतं. कागदावर 'महिला असल्यामुळे' असं लिहायची वेळ आली की भलेभले साहेब पेन खाली ठेवतात. ऑर्डर नाहीच दिली तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. ड्यूटी रजिस्टरच्या झेरॉक्स मागत बसण्यापेक्षा रजिस्टर प्रत्यक्ष पाहायला माग.

गैरसमज नको, वॉचरूम हलकं काम नाही. तिथे एक गल्ली चुकली तर बंब भलतीकडे जातो. प्रत्येकाने ते केलंच पाहिजे. प्रत्येकाने, एवढंच म्हणणं आहे.

त्या बोलणाऱ्या माणसाचं मात्र समितीकडेच ने, आणि पहिल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे; प्रकार वारंवार होत असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं ते लिही. सहा प्रती लागतात. समितीत कोण कोण आहे ते माहीत नसेल तर तिच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे, तो शोध आणि बाहेरचा सदस्य कोण ते बघ. चौकशी चालू असेपर्यंत बदलीची लेखी विनंती करता येते, तुझी किंवा त्याची. माझं मत विचारशील तर त्याची माग. तू गेलीस तर नव्या ठाण्यात तुझ्याआधी तुझी बातमी पोचते. मी वकील नाही, आणि प्रत्येक महापालिकेचे सेवानियम निराळे, तेव्हा युनियनमधल्या एखाद्या जाणत्याला दाखवूनच पुढे जा.

पुरुष सगळे सारखे नसतात हेही लिहिते. पंप मला एका यंत्रचालक काकांनी शिकवला, स्वतःची सुट्टी मोडून. उलट 14 एप्रिलच्या, अग्निशमन सेवा दिनाच्या परेडला आम्हाला हौसेने पुढच्या रांगेत उभं करणारे आणि महिला दिनाच्या भाषणात हर्षिनी कान्हेकरांचं उदाहरण देणारे साहेबच फळ्यावर माझं नाव लिहिताना अडखळायचे. कान्हेकर 2002 मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात गेल्या, तिथली पहिली मुलगी म्हणून. एवढ्या वर्षांनी आपण 'बाईला गाडीवर पाठवावं का' यावर चर्चा करतोय.

गाडीवर नाव लागलं की पहिल्या वर्दीला सगळ्यांचं लक्ष तुझ्यावर असणार, म्हणून दोन बारीक गोष्टी. अंबाडा वर बांधू नकोस, बीए सेटच्या (पाठीवरच्या श्वसनयंत्राच्या) मास्कचे पट्टे सरकतात आणि हेल्मेटही बसत नाही. वेणी मानेशी, कॉलरच्या आत. हवेची नळी जोडण्याआधी तिचं तोंड तळहाताने बंद करून श्वास आत ओढून बघ, मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, नाहीतर कुठूनतरी केस मध्ये आलेत. आणि मोठे गमबूट दोन मोजे घालून चालवून घेऊ नकोस, ओल्या शिडीवर पाय आतल्या आत सरकतो. स्टोअरवाला 'एकच साइज येते' म्हणेल, तरी मागणीपत्रावर तुझं माप लिहूनच सही कर.