कमी खर्चात टर्बो बसवताना पेट्रोल गाडीचे मूळ पेट्रोल पंप व इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) पुरतात का?

साधारण ०.३ बार बूस्टपर्यंत (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो जादा दाब) ते पुरू शकतात, त्यापुढे बहुधा नाही. ०.४ बार बूस्टला हवा जवळपास ४० टक्के वाढते आणि पेट्रोलही निदान तेवढेच वाढवावे लागते. परंतु रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) नसलेल्या, ३ बार स्थिर दाबाच्या व्यवस्थेत बूस्टच्या विरोधामुळे इंजेक्टरचा प्रवाह उलट सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला टर्बोआधी ६० टक्के असलेली ड्यूटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेचे प्रमाण) ९० टक्क्यांवर जाते, आणि ८०-८५ च्या पुढे मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टन जळण्याचा धोका खरा असतो. पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा असल्यास इंजेक्टरचा प्रवाह टिकतो, मात्र वाढत्या दाबाला पंपच कमी पेट्रोल देतो. मिश्रणाचे मोजमाप वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा) लावून डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र) करावे, नवी मुंबईच्या पाम बीच मार्गासारख्या सार्वजनिक रस्त्यावर कदापि नव्हे.