शेजारच्या ले-आउटचे पाणी आमच्या अंगणात

प्रश्न : बेसा परिसरात आमचे घर आहे. शेजारच्या शेतात यंदा ले-आउट पडले आणि अडीच फूट मुरमाची भर पडली. पहिल्याच जोरदार पावसात तिकडचे पाणी आमच्या कंपाउंडमध्ये शिरले. दोन शोषखड्डे खोदले की प्रश्न मिटेल, असे विकासक म्हणतात. विश्वास ठेवावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : केवळ शोषखड्ड्यांच्या भरवशावर राहू नये. एका एकरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी होते. शेत असताना त्यातले ढोबळमानाने ३० टक्के वाहते. रस्ते आणि स्लॅब झाल्यावर हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे एकरामागे तासाला एक लाख लिटर पाणी जास्तीचे येते.

शिवाय आपल्याकडची काळी माती भेगाळलेली असते तोवर पाणी गटागटा पिते, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि खड्डा नुसता तुंबून राहतो. खड्डा खालच्या मुरमापर्यंत किंवा फुटलेल्या खडकापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहावे. त्यात पाणी भरून खूण करावी आणि तासाभराने पातळी किती उतरली ते मोजावे. मात्र ही चाचणी भर पावसाळ्यातच घ्यावी, कारण मे महिन्यातला निकाल फसवा असतो.

खरा उपाय पाणी थोपवून हळूहळू सोडण्याचा आहे. ले-आउटच्या सखल बाजूची हजार चौरस मीटर मोकळी जागा ४० सेंटीमीटर खोलगट ठेवली, तर चार लाख लिटर पाणी, म्हणजे चार एकरांचे तासाभराचे वाढीव पाणी तिथे थांबते. ते लहान पाइपातून दिवसभरात निघून जावे, म्हणजे डासही होत नाहीत. अतिवृष्टीसाठी वर रुंद सांडवा हवा. प्रत्यक्षात नेमक्या याच जागेवर भर टाकून उंच बगिचा केला जातो, हे दुर्दैव.

पाणी गडर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या नळात, सोडू देऊ नये. ते उलटून घरात येते. जुना नाला बुजवला आहे का, हे गाव नकाशावर तपासावे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडल्यावर नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून काय झाले, ते नागपूरकरांना सांगायला नको.

सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वरच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे उतरणारे पाणी खालच्या मालकाला घ्यावे लागते. भर टाकून वळवलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. म्हणून भरावापूर्वीच्या आणि नंतरच्या पातळ्यांसह पावसाळी नाल्यांचा मंजूर नकाशा लेखी मागावा आणि तो हाती आल्यावरच वकिलाकडे जावे.