‘ईम्स चेअर’ असं नाव लावून आपण बनवलेली खुर्ची विकता येते का?

नाही, ईम्स हे नाव लावू नका, तशा आकाराची खुर्ची बनवणं हा वेगळा प्रश्न आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची ती लाउंज चेअर (आरामखुर्ची) 1956 ची, डिझाइनचं संरक्षण आपल्याकडे डिझाइन्स अ‍ॅक्ट 2000 प्रमाणे जास्तीत जास्त 15 वर्षं (10 अधिक 5) मिळतं, पण ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी रिन्यू करत कितीही काळ चालवता येतो आणि नावावरची भांडणं म्हणूनच संपत नाहीत. ‘ईम्स स्टाइल’, ‘ईम्स रेप्लिका’ लिहिलं की सुटलो असं बाजारात सर्रास धरतात, मला तरी ते धोक्याचंच वाटतं. स्वतःचं आडनाव असेल तर ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट 1999 च्या कलम 35 खाली प्रामाणिक वापराला सूट आहे, दुसऱ्याच्या आडनावाला नाही. फक्त एक, आकार अगदीच मोकळा आहे असंही समजू नका, ईम्स खुर्ची बनवणाऱ्या हर्मन मिलर कंपनीने याच खुर्चीवरून पॅलाझेटी कंपनीवर केस केली होती आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने आकारावरचा दावा परत सुनावणीला पाठवला होता. लिस्टिंगमध्ये ‘प्लायवूड लाउंज चेअर, लेदर कुशनसह’ एवढं लिहा, खाली आपला ब्रँड टाका.