वाचकांचे प्रश्न : छापून झालेल्या लेखांना सैल साचा, पुढच्यांना कडक

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे संशोधन त्रैमासिक १९७८पासून निघते. जुने अंक स्कॅन झाले आहेत, नंतरचे पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सगळे लेख जॅट्स एक्सएमएलमध्ये (लेखाच्या प्रत्येक भागाला खुणा, म्हणजे टॅग, घालून साठवण्याच्या पद्धतीत) आणून जपायचे आहेत. त्यातल्या साच्यांपैकी ग्रीन घ्यावा की ब्लू? (संपादक, सांगली)

उत्तर : निघून गेलेल्या अंकांना ग्रीन, यापुढच्यांना ब्लू. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची २००३ची डीटीडी (कोणती खूण कुठे चालते ते सांगणारी नियमावली) हे जॅट्सचे मूळ. २०१२मध्ये त्याला निसो या अमेरिकी प्रमाण संस्थेने प्रमाण म्हणून मान्यता दिली. ग्रीन हा सैल साचा संग्रहासाठी, ब्लू हा कडक साचा प्रकाशनासाठी. पम्पकिन नावाचा तिसरा, सर्वांत कडक साचा लेखकाने थेट त्यातच लिहावे म्हणून आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

मजकूर बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का, एवढेच पाहायचे. छापलेल्या लेखात तो नसतो. ब्लूमध्ये भागांचा क्रम बराचसा बांधलेला असतो आणि काही गुणविशेषांना (खुणेला जोडलेल्या माहितीला) ठरलेल्या यादीतलीच किंमत चालते. १९८१चा लेख त्यात बसत नाही म्हटल्यावर काम करणारा माणूस तपासणी पार पडावी म्हणून काहीतरी घुसडतो : नसलेले उपशीर्षक, महिन्याच्या जागी ‘०१’. फाइल वैध ठरते आणि नोंद खोटी होते. ही खोट दहा वर्षांनी कुणालाही शोधता येत नाही, म्हणून सैल साच्याच्या गबाळेपणापेक्षा ती मला जास्त घातक वाटते. ‘एप्रिल-जून’ असा जोडमहिना असेल तर तो ‘सीझन’ या खुणेत जसाच्या तसा घाला. वर्ष ‘१९८१’ असे देवनागरीत छापले असेल तर तसेच ठेवा आणि यंत्रासाठीची तारीख आंतरराष्ट्रीय अंकांत ‘आयएसओ-८६०१-डेट’ या गुणविशेषात द्या.

संदर्भसूचीचा निर्णय मात्र रंगावर अवलंबून नाही, कारण दोन्ही साच्यांत ‘एलिमेंट-सायटेशन’ आणि ‘मिक्स्ड-सायटेशन’ या दोन्ही खुणा आहेत. ‘एलिमेंट-सायटेशन’मध्ये फक्त सुटे घटक राहतात, विरामचिन्हे पडद्यावर दाखवताना नव्याने घालावी लागतात. ‘कित्ता, पृ. ४३, शिवाय वर उल्लेखिलेला जुलैचा अंक’ अशी तळटीप त्यात कोंबली की ‘शिवाय’ आणि ‘वर उल्लेखिलेला’ यांना ओळीतली मूळ जागा उरत नाही. जुन्या लेखांना ‘मिक्स्ड-सायटेशन’च वापरा : छापील ओळ अखंड राहते आणि आत ओळखू येईल तेवढ्याच गोष्टींना खुणा करता येतात.

ग्रीन घेतला म्हणजे मोकळे रान नव्हे. एकच गोष्ट तिघे तीन प्रकारे खुणावतील आणि डीटीडी तिघांनाही पास करील. म्हणून आधी वेगवेगळ्या दशकांतले वीस-पंचवीस लेख निवडा. त्यांत पुस्तकपरीक्षण, संपादकीय, वाचकांचे पत्र, आकृत्यांचा लेख असा सगळा मासला हवा. ते हाताने खुणावून नियम लिहून काढा आणि स्कीमॅट्रॉन या नियम तपासणाऱ्या भाषेत बसवा : प्रत्येक लेखाला भाषा सांगणारा ‘एक्सएमएल:लँग’ आहे का, लेखप्रकार तुमच्या यादीतलाच आहे का, पहिले पान शेवटच्या पानानंतर तर येत नाही ना. जुन्या लेखात काही कमी दिसले तर ‘त्रुटी’ नव्हे, ‘इशारा’ द्या. माणसाने स्कॅन पाहून ठरवावे.

प्रश्न : पेजमेकरमधला श्रीलिपी (युनिकोडपूर्व फाँट) मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर काही शब्द शोधात सापडत नाहीत. एक्सएमएल चुकले का?

उत्तर : एक्सएमएलला दोष नाही, गडबड बहुधा त्याच्या आधीची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखे, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. शिवाय ‘अनावश्यक’ चिन्हे साफ करणारी स्क्रिप्ट झेडडब्ल्यूजे उडवते आणि तिथे रफार उमटतो. पहिला प्रकार ठरवून टाका, सगळीकडे बदल करा, एनएफसी हे युनिकोडचे एकसारखे रूप लावा आणि खुणा त्यानंतरच घाला. मूळ पेजमेकर फाइल आणि तिचा फाँट दोन्ही जपा.

प्रश्न : जुने ग्रीनमध्ये, नवे ब्लूमध्ये, मग एकत्र शोध कसा?

उत्तर : ब्लू हा ग्रीनचाच आवळलेला भाग आहे. त्यामुळे ब्लूची वैध फाइल सहसा डॉक्टाइप (फाइलीच्या वरची, साचा सांगणारी ओळ) बदलला की ग्रीनमध्येही चालते. उलट दिशेला हाताने दुरुस्ती करावी लागते. साठवणीसाठी आणि शोधासाठी सगळ्यांची ग्रीन प्रत ठेवा, प्रत्येक फाइलीत ‘डीटीडी-व्हर्जन’ लिहा आणि त्या आवृत्तीची डीटीडी संग्रहातच ठेवा, म्हणजे तपासणीला इंटरनेट लागणार नाही.