बाहेरच्या स्पर्धेत मुलगी एकदम मागे का पडते?

"इथं नेहमी पहिल्या तिघांत असते आणि बाहेर गेली की थेट शंभराच्या आसपास. तिला हे झेपणारच नाही का?" डिंगी सेलिंग, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती करणाऱ्या मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन आले की मला चौदा वर्षांची एक मुलगी आठवते. ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची एकटीनं चालवायची छोटी होडी चालवायची. पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेहून परतल्यापासून सरावाची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं.

ती फारसं बोलेना, म्हणून कागद पुढे केला. "सुरुवातीच्या रेषेवर शेवटचा मिनिट कसा होता, ते काढून दाखव." तिनं एका टोकाला पंचांची बोट काढली, दुसऱ्या टोकाला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगती खूण, मध्ये दाटीवाटीनं टिंबं. स्वतःची होडी मात्र दुसऱ्या रांगेच्याही मागे.

"तू इथं का?"

"काळा झेंडा होता."

काळा झेंडा लागला असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेपुढे दिसलेली होडी सरळ बाद होते. पहिल्याच शर्यतीत ती तशी बाद झाली होती. सेलिंगमध्ये पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. सर्वांत कमी गुण असणारा जिंकतो. बाद होणाऱ्याला एकूण होड्यांपेक्षा एक गुण जास्त. पुरेशा शर्यती झाल्या की सर्वांत वाईट निकाल वगळतात, त्यामुळे ते गुण जाणारच होते. तिच्या मनातून मात्र ते गेले नाहीत. पुढच्या प्रत्येक सुरुवातीला ती मागे रेंगाळली. पुढच्यांच्या शिडांनी तोडलेला वारा मागच्या होडीला मिळतो, वेग पडतो आणि शर्यतीच्या मार्गावरच्या पहिल्या बोयापर्यंत डझनावारी होड्या पुढे निघून जातात. घरच्यांना जी कुवतीची कमतरता वाटत होती, ती खरं तर त्या एका मिनिटाची धास्ती होती.

अशा मुलाला नुसतं "घाबरू नकोस" म्हणून काहीही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिच्या प्रशिक्षकांशी बोललो. त्यांनी सरावात रेषा मुद्दाम आखूड केली, म्हणजे मोजक्या होड्यांचीही गर्दी व्हावी. त्या गर्दीत होडी जागेवर धरून ठेवायची, वाऱ्याखालच्या बाजूला थोडी जागा राखायची आणि शेवटच्या क्षणी शीड ओढून वेग घ्यायचा. शर्यतीनंतर वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: शेवटच्या तीस सेकंदांत मी कुठं होते, आणि सुटल्यावर मोकळा वारा मिळाला का. क्रमांक संध्याकाळी पाहायचा.

किनाऱ्यावर "कितवी आलीस?" विचारणं बंद करायला वडिलांना फार जड गेलं. साहजिक आहे, त्यांनी मुलीसाठी किती जीव ओतला होता! पण भिजून, दमून आलेली पोर आधी बापाचा चेहरा वाचते. मग ते काही न विचारता पाण्याची बाटली द्यायचे आणि होडीची ट्रॉली ओढू लागायचे.

पुढच्या बाहेरच्या स्पर्धेत ती मधल्या गटात आली. पदक नाही, पण बहुतेक शर्यतींत पहिल्या रांगेतून सुटली. पंधरा पूर्ण होतील त्या वर्षाअखेरीस ऑप्टिमिस्ट सुटते. मग इल्का ४, म्हणजे मोठी होडी आणि वयानं मोठे स्पर्धक. क्रमांक पुन्हा घसरेल, हे मी आईवडिलांना आताच सांगून ठेवलंय. पहिल्या हंगामात त्या वहीतल्या दोनच नोंदी बघायच्या, असं आमचं ठरलंय.